‘मी गेलतो’ला ‘मी गेले’ करू नका : आजीच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याविषयी

प्रश्न असा आहे : ‘माझी आजी 86 वर्षांची असून कागल तालुक्यात राहते. मुलाखत घेऊन तिच्या आठवणी जपायच्या आहेत. त्यासाठी मोबाईल पुरेल का, आणि बोलणे आपोआप लिहून देणारे चांगले ॲप कोणते?’

मोबाईल पुरेल. तो विमान मोडवर टाका, पंखा बंद ठेवा, शक्य असल्यास कॉलरला लावायचा साधा माईक घ्या आणि ध्वनिमुद्रण वेव्ह स्वरूपात, 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिटवर करा. एका चॅनेलवर तासाला सुमारे 500 मेगाबाइट जागा लागते. आजच्या फोनला ती जड नाही. ॲपच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला इतक्या सरळपणे देता येत नाही, कारण बोलणे कागदावर उतरवताना आमच्या घरात जे घडले ते 28 वर्षांनंतरही माझ्या मनातून गेलेले नाही.

आमचे मूळ घर कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावचे. 1943 ते 1948 या काळात तेथे सुमारे 5,000 पोलिश निर्वासितांची वसाहत होती. सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेली, सैबेरिया आणि मध्य आशियातून सुटून इराणमार्गे आलेली ही माणसे. त्यांत बायका आणि मुलेच अधिक. त्यांची स्वतःची शाळा, चर्च आणि दवाखाना तेथे होता. ते गेल्यानंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि आजचे गांधीनगर उभे राहिले. कोल्हापुरात महावीर उद्यानात या पोलिश मंडळींचे स्मारक आहे, पण त्यांना रोज दूध घालणाऱ्या घरांतून काय आठवत होते, हे फार थोड्यांनी विचारले.

मी माझ्या आत्याला विचारले. 1996 मध्ये, तिच्या वयाच्या 64व्या वर्षी, तीन दुपारी तिच्या स्वयंपाकघरात बसून मी तीन कॅसेट भरल्या. छावणी वसली तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि सकाळी दुधाची किटली घेऊन आत जाणे हे तिचे काम होते. तिचे थोरले भाऊ, म्हणजे माझे थोरले काका, त्या वर्षांत कोल्हापुरात बोर्डिंगात राहून शिकत होते. आत्याची तेथे एका समवयस्क पोलिश मुलीशी मैत्री झाली. तिच्याबरोबर ती चर्चमध्ये जाऊन बसे आणि तिच्याकडून पोलिश अंक शिकली होती. हे सगळे आत्याने जसे सांगितले तसे येथे एक वाक्य देतो : ‘मी रोज सकाळी दूध घालाय जात हुतो, गेटावरचा शिपाई मला अडवायचा न्हाई.’

कोल्हापूरच्या वाचकाला यात काहीही खटकणार नाही. आमच्याकडे बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’, ‘मी गेलतो’ असेच बोलतात. माझी आई तसे बोलायची आणि आपल्या आजीही बहुधा तसेच बोलत असतील. पण त्या काळी परिसराच्या आठवणींची एक पुस्तिका तयार करणाऱ्या बाहेरगावच्या एका गृहस्थांना मी पहिल्या दोन कॅसेट दिल्या आणि त्यांनी तो मजकूर ‘शुद्ध’ करून घेतला. जेथे सासर, चूल किंवा मूल आले तेथे त्यांनी ‘मी आलो’चे ‘मी आले’ केले. जेथे छावणी, शिपाई आणि चर्च आले तेथे मात्र ‘जात होतो’ हे पुल्लिंगी रूप तसेच ठेवले, त्याभोवती अवतरणचिन्हे घातली आणि ते बोलणे थोरल्या काकांचे ठरवले, कारण त्याच्या आधीच्या वाक्यात आत्याने ‘आमचा दादा लई धीराचा’ असे म्हटले होते. अकरा वर्षांची मुलगी एकटी परक्या लोकांच्या वसाहतीत जात असेल, हे त्यांच्या मनालाच शिवले नसावे. पुस्तिकेत छापून आले की, वळिवड्यातील एक धाडसी मुलगा छावणीत दूध पोहोचवत असे आणि त्याच्या बहिणीने ही आठवण सांगितली.

मी कॅसेट परत मागितल्या, तेव्हा मजकूर टंकलिखित झाल्यामुळे त्यांचे काम संपले होते आणि त्यांवर दुसऱ्या कोणाची तरी मुलाखत भरली होती, असे कळले. कॅसेटच्या पाठीमागच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन छोटे तुकडे असतात; ते तोडले की टेपरेकॉर्डर त्यावर नव्याने काही भरू देत नाही. मी ते तोडले नव्हते. ही चूक माझी आहे आणि ती मला आजही सलते.

असे करणारे ते गृहस्थ एकटे नव्हते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ॲलन नेव्हिन्स यांनी 1948 मध्ये मौखिक इतिहासाचे काम सुरू केले, तेव्हा सुरुवातीच्या वर्षांत तेथेही टंकलिखित प्रत हेच खरे साधन मानून टेप पुसून पुन्हा वापरीत. पुढे जगभरच्या अभ्यासकांनी ही पद्धत सोडली, कारण स्वर, थांबणे, अडखळणे आणि हसणे कागदावर येत नाही. माझ्याकडे राहिलेल्या तिसऱ्या कॅसेटवर आत्या पोलिश अंक म्हणते : येदन, द्वा, त्शी... ती सातापर्यंत जाते आणि थांबते. बराच वेळ फक्त भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येतो. मग ती म्हणते, ‘म्होरलं तिनं शिकवलं हुतं, पण गाडीच आली.’ 1948 मध्ये ती मुलगी गेली, ती कोठे गेली हे आत्याला कधी कळले नाही. हा मजकूर लिहून काढताना त्या शांततेच्या जागी आपण काय लिहिणार?

त्याच कॅसेटवर ‘हे मी तिच्याकडनं शिकलो’ हे वाक्य आत्याच्या आवाजात स्पष्ट आहे. तरीही माझे चुलतभाऊ गेली अनेक वर्षे सांगत आले आहेत की, छापलेले खोटे कसे असेल, आणि आत्या तेथे दादांचेच बोलणे सांगत असणार. काकांचे नातू आता आपल्या आजोबांची ही गोष्ट शाळेत सांगतात. काका स्वतः हयात असताना त्यांनी छावणी कधी आतून पाहिल्याचे एकदाही म्हटले नव्हते, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. पण पुस्तिका हाताशी आहे आणि कॅसेट ऐकायला कोणी बसत नाही. मी ती आता संगणकावर घेतली आहे आणि भावांच्या मुलाला पेन ड्राइव्हवर दिली आहे.

म्हणून ॲपविषयी माझे मत स्पष्ट आहे : मराठी बोलणे लिहून देणारे कोणतेही ॲप वापरा, पण त्याने दिलेला मजकूर हा केवळ शोधण्यासाठीची सूची समजा. मी दोन-तीन वापरून पाहिली; आमच्याकडची ‘हुतो’, ‘आलतो’, ‘म्होरलं’ ही रूपे ती पुस्तकी मराठीकडे ओढतात, म्हणजे त्या गृहस्थांनी जे केले तेच आणखी वेगाने करतात. मूळ ध्वनिफीत कधीही पुसू नका आणि तिची काटछाटही करू नका. एक प्रत संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक गावाबाहेर असू द्या. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर पंचगंगेकाठच्या माणसाला गावाबाहेर का ते सांगावे लागू नये. व्हॉट्सॲपवर पाठवायचे झाल्यास डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.

काही गोष्टी न सांगणे अन्यायाचे होईल. त्या गृहस्थांनी पदरचे पैसे घालून ते काम केले होते, आणि त्यांच्या पुस्तिकेत इतर घरांच्या आठवणी नसत्या तर त्या आज कोठेच नसत्या. पुसल्या गेलेल्या दोन कॅसेटवर काय होते हे मी सांगतो तेही शेवटी माझ्या आठवणीवरच, वर दिलेले शिपायाचे वाक्यसुद्धा. आजींना सन-तारखा चुकतील. त्या दुरुस्त न करता खाली वेगळी टीप द्या. ध्वनिमुद्रण कोणी ऐकावे आणि कोणता भाग त्यांच्या हयातीत बंद ठेवावा, हे त्यांनाच आधी विचारा आणि त्यांचे उत्तरही फितीवर घ्या.

सुरुवातीला आजींचे नाव, गाव आणि तारीख मोठ्याने बोला. लिहून काढताना ‘मी’ आलेल्या प्रत्येक वाक्यापुढे मिनिट आणि सेकंद टाका, म्हणजे ते वाक्य कोणाचे याविषयी पुढे शंका आली तर ऐकून खात्री करता येईल. आणि त्या बोलता बोलता थांबल्या तर पुढचा प्रश्न विचारू नका. आत्या सातावर थांबली तेव्हा मी घाईने जेवणाविषयी काहीतरी विचारले होते, ते फितीवर आहे, आणि त्यानंतर ती त्या मुलीविषयी पुन्हा बोलली नाही.