ज्याच्या गाडीवर बसलो, त्याच्यावरच केस?

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या बऱ्याच पत्रांत इजा झाली आहे ती ओळखीच्याच माणसाकडून. मित्र, शेजारी, घरी आलेला पाहुणा. 'केस' म्हटलं की संबंध तुटले असंच सगळे धरून चालतात. आमचा सल्ला असा, की केस कुणाच्या नावावर आहे हे नंतर बघा. पैसे कुणाच्या खिशातून जाणार आहेत, ते आधी बघा.

प्रश्न : मित्राच्या स्कूटरवर मागे बसून भोरहून पुण्याला येत होतो. वळणावर खडी होती, गाडी घसरली. माझं नडगीचं हाड मोडलं, आत रॉड घातलाय. दुसरी गाडी मध्ये नव्हतीच. वकील म्हणतात, मित्राला सामनेवाला करून क्लेम टाका. वीस वर्षांची मैत्री आहे, मन होत नाही. वय ३२, मोबाइल दुरुस्तीचं स्वतःचं दुकान आहे, महिना २५ हजार सुटतात.

उत्तर : वकिलांचा सल्ला बरोबर असू शकतो, पण आधी मित्राकडून पॉलिसी मागून घ्या आणि तिचा प्रकार बघा. अपघाताच्या तारखेला 'पॅकेज' म्हणजे 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' पॉलिसी चालू असेल, तर मागे बसलेल्याची भरपाई विमा कंपनीकडे जाते. विमा नियामकाने नोव्हेंबर २००९ मध्ये कंपन्यांना तसं कळवलं होतं आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालातही तेच आहे. नुसती 'लायबिलिटी ओन्ली' असेल, जिला आपण सरसकट थर्ड पार्टी म्हणतो, तर मागे बसलेल्याची जबाबदारी कंपनीवर येत नाही, असा त्याच न्यायालयाचा २००६ चा निकाल आहे. तेव्हा दावा जिंकलात तरी वसुली मित्राच्याच खिशातून होईल.

इथे बरेच जण फसतात. सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा मिळतो, पण 'ओन डॅमेज'चा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुतेकदा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी तो भरायचा राहून जातो, हाती नुसती 'लायबिलिटी ओन्ली' उरते, आणि मालक मात्र 'पाच वर्षांचा फुल्ल विमा आहे' असं धरून चालतो. म्हणून पॉलिसीवरच्या दोन्ही तारखा वेगवेगळ्या तपासा.

विमा लागू असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा. तुम्ही राहता तिथे, अपघात झाला तिथे किंवा सामनेवाला राहतो तिथे, कुठेही चालतो. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करा. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात ही मुदत आहे आणि ती चुकवून वाद ओढवून घेण्यात अर्थ नाही.

आता मित्राला खरोखर झळ कुठे बसते ते सांगतो. कलम १६६ मध्ये चालवणाऱ्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. त्यासाठी गुन्ह्याची नोंद आणि घटनास्थळाचा पंचनामा लागतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५ खाली मित्रावर गुन्हा दाखल होईल. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापत, त्यामुळे १२५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढे न्यायालयाच्या परवानगीने १२५ चं प्रकरण आपसात मिटवता येतं, पण तारखांना जावं लागतंच. हे त्याला आधी समोर बसवून सांगा. नोटीस हातात पडल्यावर त्याला कळलं, तर मैत्री तिथेच बिनसते.

चूक सिद्ध करण्याच्या फंदात पडायचं नसेल, तर कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला ठोक अडीच लाखांची तरतूद आहे. मात्र ते स्वीकारलंत की १६६ चा दावा संपतो. म्हणून आधी हिशेब मांडा. समजा, तुमची कमाईची क्षमता कायमची १० टक्क्यांनी घटली. वर्षाचं उत्पन्न तीन लाख, ३१ ते ३५ वयाला गुणक (वयानुसार जितक्या वर्षांचं उत्पन्न धरतात तो आकडा) १६, म्हणजे ४८ लाख. त्याचे १० टक्के ४ लाख ८० हजार. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरले तर ६ लाख ७२ हजार. औषधोपचार, बुडालेले महिने, वेदना हे सगळं याच्यावर. पण अपंगत्वाच्या दाखल्यावरचे टक्के आणि हे टक्के एकच नव्हेत. दाखला पायाचे टक्के सांगतो, न्यायाधिकरण कमाईचे बघतं. पाय गेलेला ड्रायव्हर कामातून पूर्ण उठू शकतो; टेबलावर बसून मोबाइल उघडणाऱ्याला पायाच्या २० टक्क्यांचे कमाईत पाचच मिळतील. दुकानात मालासाठी, गिऱ्हाइकासाठी दिवसातून किती वेळा उठबस होते, हे साक्षीत सांगा.

दावा सगळ्यात जास्त कशाने मोडतो, तर पहिल्या केसपेपरने. कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात, कसं लागलं? पोलिसांची कटकट नको म्हणून सोबतचा कुणीतरी सांगून टाकतो, 'बाथरूममध्ये पडला'. ती ओळ इंग्रजीत लिहिली जाते, वर तारीख आणि वेळ पडते, आणि वर्षभराने कंपनीचा वकील नेमका तोच कागद न्यायाधिकरणापुढे ठेवतो. तुमच्या केसपेपरवर काय लिहिलंय ते आजच बघा. चूक असेल तर जबाबात खरं कारण आणि तसं सांगितलं जाण्यामागचं कारण, दोन्ही द्या. कागदावर खाडाखोड करायला लावू नका. आणि 'समोरून गाडी आली असं दाखवू' म्हणणारा कुणी भेटला, तर त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. तो सरळ फसवणुकीचा गुन्हा आहे.

मूळ बिलं मेडिक्लेमला द्यायची असतील तर आधी त्यांच्या साक्षांकित प्रती काढून घ्या. मेडिक्लेमचे मिळालेले पैसे अपघात भरपाईतून वजा करायचे नाहीत, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये ठरवलं आहे. मित्रालाही एक सांगा: नोटीस आली की हजर राहायचं, लायसन्स आणि पॉलिसी दाखल करायची. तो गैरहजर राहिला आणि कंपनीने लायसन्सचा मुद्दा काढला, तर 'आधी द्या, मग मालकाकडून वसूल करा' असा आदेश होऊ शकतो. मग जे टाळायला गेलात, तेच पुढ्यात येईल.

प्रश्न : तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतली कुंडी वाऱ्याने पडून माझ्या आईचा खांदा मोडला. शेजारी म्हणतात, वारा सुटला त्याला आम्ही काय करणार? भरपाई सोसायटीकडे मागायची का? ग्राहक आयोगात जाता येईल का?

उत्तर : जूनमध्ये वारा सुटतो हे महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नाही. जे दर वर्षी घडतं, त्याला 'देवाची करणी' म्हणता येत नाही. दहा इंची कुंडी ओल्या मातीसकट दहा किलोंच्या आसपास भरते. नऊ मीटरवरून पडली तर खाली पोचताना तिचा वेग ताशी ४५ किलोमीटरच्या वर असतो. आई खांद्यावर वाचल्या, हेच नशीब.

अशा घटनेत निष्काळजीपणाचा वेगळा पुरावा शोधत बसावं लागत नाही. नीट ठेवलेली कुंडी आपसूक पडत नाही, तेव्हा ती का पडली हे ठेवणाऱ्याने सांगायचं. १८६३ मध्ये इंग्लंडमध्ये गोदामाच्या वरच्या मजल्यावरून पिठाचं पिंप रस्त्यावरच्या माणसावर पडलं, तेव्हा हे तत्त्व ठरलं. दिल्लीत चांदनी चौकातलं घड्याळाचं टॉवर कोसळलं, त्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये महापालिकेला याच तत्त्वावर जबाबदार धरलं.

कुंडी ज्याने ठेवली, जबाबदारी त्याची. भाडेकरूने ठेवली असेल तर घरमालकाची नव्हे. बाहेरच्या भिंतीचं प्लॅस्टर किंवा सज्जाचा तुकडा पडला असता, तर प्रश्न सोसायटीचा होता. ग्राहक आयोगाचा इथे संबंध नाही. शेजारी तुम्हाला पैसे घेऊन सेवा देत नव्हते. सहकार न्यायालयाचाही नाही. दिवाणी न्यायालयात जायचं, आणि साधारण तीन वर्षांची मुदत धरायची.

पण आज संध्याकाळपर्यंत एक काम उरका. सेक्रेटरींना लेखी अर्ज देऊन सीसीटीव्हीचं त्या तासाचं फुटेज जपून ठेवायला सांगा आणि पोच घ्या. कित्येक सोसायट्यांत दहा-पंधरा दिवसांत जुन्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं. कुंडीचे तुकडे, खिडकीची जाळी आणि खालची जागा, तिन्हींचे फोटो काढा. मग शेजाऱ्यांना बिलांच्या झेरॉक्ससह साधं पत्र द्या. वकिलाची नोटीस त्यानंतर.

प्रश्न : पार्किंगमध्ये खेळताना माझ्या ११ वर्षांच्या मुलाच्या फटक्याने शेजारच्या काकांचा चष्मा फुटला, डोळ्याखाली चार टाके पडले. ते पोलिसांत जायचं म्हणतात.

उत्तर : सात ते बारा वर्षांच्या मुलाला आपण काय करतोय याची पुरेशी समज नसेल, तर त्याची कृती गुन्हा ठरत नाही. खेळता खेळता गेलेल्या चेंडूत तर हेतूही नसतो. आईबापही मुलाच्या चुकीला आपोआप जबाबदार होत नाहीत. तुमचा स्वतःचा हलगर्जीपणा होता का, एवढाच प्रश्न उरतो. मँचेस्टरमधल्या एका क्रिकेट मैदानातून १९४७ मध्ये षटकार बाहेर जाऊन रस्त्यावरच्या बाईंना लागला. तीस वर्षांत सहाएक वेळाच चेंडू बाहेर गेला होता, म्हणून हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, १९५१ मध्ये क्लबला दोषी धरलं नाही. तुमच्या पार्किंगमध्ये चेंडू रोज माणसांमधून जातो, आणि तो लेदरचा होता असं तुम्हीच पत्रात लिहिलंय. तेव्हा चष्म्याचे आणि टाक्यांचे पैसे द्या, मुलाला घेऊन काकांकडे जाऊन या, आणि लेदर बॉल मैदानावरच.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत एडिसनला स्वतःच्या घरात राहतो. गणपतीच्या आरतीला आलेली त्यांची मैत्रीण पुढच्या पायऱ्यांवर घसरली, घोट्याचं हाड मोडलं. चार महिन्यांनी तिच्या वकिलाचं पत्र आलंय. मुलाला फार लागलंय. तो म्हणतो, फोन करून काय ते पैसे देऊन टाकतो.

उत्तर : त्याला आजच थांबवा. तिथल्या घराच्या विम्यात सहसा घरी आलेल्याला झालेल्या इजेची जबाबदारी धरलेली असते. पत्र आल्याबरोबर ते विमा कंपनीला कळवायचं. वकील कंपनी देते, बोलणी कंपनी करते, भरपाई पॉलिसीच्या मर्यादेपर्यंत कंपनी भरते. आपण परस्पर पैसे दिले किंवा जबाबदारी लिहून दिली, तर कंपनी हात वर करू शकते. शिवाय बहुतेक पॉलिसींत पाहुण्याच्या औषधपाण्यासाठी एक ते पाच हजार डॉलरपर्यंतचा भाग असतो. तो कुणाची चूक आहे हे न पाहता मिळतो. तो मागितला का, हे विचारा. न्यू जर्सीत इजेच्या दाव्याला दोन वर्षांची मुदत आहे, म्हणजे चार महिन्यांत पत्र येण्यात वावगं काही नाही.

मैत्रीण उलटली, असं समजू नका. तिकडे विमा कंपनीवर थेट दावा सहसा करता येत नाही, माणसाचंच नाव घालावं लागतं. २०१५ मध्ये कनेक्टिकटमध्ये एका बाईने बारा वर्षांच्या भाच्यावर १ लाख २७ हजार डॉलरचा दावा लावला, म्हणून जगभर तिची छीथू झाली. आठव्या वाढदिवसाला त्याने धावत येऊन मारलेल्या मिठीत तिचं मनगट मोडलं होतं. भाच्यावर तिचा राग नव्हता. घराच्या विम्यातून उपचाराचा खर्च मिळवायला कायद्याने दुसरी वाट ठेवली नव्हती, असं तिच्या वकिलांनी सांगितलं. ज्यूरीने दावा फेटाळला, तो भाग वेगळा. तब्येतीची चौकशी करायला मुलाने जरूर फोन करावा. पायऱ्या, पैसे आणि पत्र हे विषय तेवढे काढू नयेत.

प्रश्न : शेजाऱ्यांच्या जिन्यावरच्या ओल्या फरशीवरून घसरून पत्नीच्या मनगटात प्लेट बसवावी लागली. ते ४० हजार द्यायला तयार आहेत. काय लिहून घ्यावं?

उत्तर : घाई करू नका. प्लास्टर निघून, एक्स-रेत हाड जुळलेलं दिसून, बोटं नीट वळतात असं डॉक्टरांनी लिहून देईपर्यंत 'पूर्ण आणि अंतिम' हे शब्द कागदावर येऊ देऊ नका. प्लेट पुढे वर्ष-दीड वर्षाने काढावी लागली तर ते दुसरं ऑपरेशन असतं, आणि तो खर्च बहुतेक तडजोडपत्रांत विसरला जातो. तेव्हा आजचे ४० हजार 'आजवरच्या खर्चापोटी' असं लिहा, आणि प्लेट काढायच्या खर्चाचं वेगळं कलम घाला.

कागद ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर करा. तारीख, जागा, काय घडलं, डिस्चार्ज कार्डाचा क्रमांक, रक्कम अंकी आणि अक्षरी, बँक ट्रान्स्फरचा क्रमांक, दोन्हीकडच्या सह्या आणि दोन साक्षीदार एवढं हवं. रोख घेऊ नका. शेजारी 'चूक मान्य' असं लिहायला तयार नसतील तर अडून बसू नका. घटना लिहा, रक्कम लिहा, तेवढं पुरतं.

याहून पक्कं हवं असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे दावा दाखल होण्याआधीचा तडजोडीचा अर्ज द्या. प्रकरण लोकअदालतीसमोर ठेवलं जातं. तिथे दोघांच्या संमतीने झालेला निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही, आणि पैसे थकले तर थेट वसुलीला लावता येतो. तडजोड नाहीच झाली, तर दिवाणी दाव्याचा मार्ग खुला राहतो. अर्ज पत्नीच्या नावाने करा. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.