पैसे भरण्याआधी प्रकाशकाला काय विचारायचं? (ओपन ॲक्सेस ग्रंथ, कॅसची फाईल आणि कानबाईची गाणी)

ताई, तुमचा प्रश्न वाचला. पीएचडी खानदेशातल्या कानबाई देवीच्या अहिराणी गाण्यांवर, कॅसची (प्राध्यापकांच्या बढतीची) फाईल डोक्यावर, आणि तेवढ्यात एका प्रकाशकाचा मेल: अठरा हजार भरा, पंधरा दिवसांत 'इंटरनॅशनल ओपन ॲक्सेस बुक' (म्हणजे कोणालाही ऑनलाइन फुकट वाचता येणारं), वर आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख नंबर), डीओआय (ऑनलाइन मजकुराचा कायमचा नंबर) आणि पीअर रिव्ह्यूचं, म्हणजे तज्ज्ञांनी तपासल्याचं, सर्टिफिकेट. भरू का, असं विचारलंय तुम्ही.

आत्ता तरी भरू नका. धुळे जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या ग्रंथालयांत माझी सगळी नोकरी झाली. असल्या मेलची प्रिंट घेऊन येणारे प्राध्यापक मी बरेच पाहिलेत. त्यांना सांगायचो तेच तुम्हाला सांगतो: प्रकाशक तुमच्या हातात काय देतो ते सोडा, त्याने स्वतःच्या वेबसाइटवर काय उघड केलंय ते बघा. पुस्तक कोणी तपासलं, कुठल्या परवान्यावर निघालं, आणि उद्या दुकान बंद झालं तर फाईल कुठे राहणार.

आयएसबीएनचं आधी उरकून टाकतो. भारतात हा नंबर दिल्लीची राजा राममोहन राय नॅशनल एजन्सी फुकट देते, लेखकाने स्वतः अर्ज केला तरी देते. ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होणारा आकडा म्हणजे भारतातल्या प्रकाशकाचं पुस्तक, एवढाच त्याचा अर्थ. स्वयंपाकाच्या पुस्तकालाही तो मिळतो. मेलवाला 'इंटरनॅशनल' म्हणत असेल तर त्याच्या जुन्या पुस्तकांचे नंबर कुठून सुरू होतात तेवढं बघा. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत राष्ट्रीय प्रकाशकाच्या ग्रंथाला १० गुण आणि आंतरराष्ट्रीयला १२. या वरच्या दोन गुणांच्या जिवावर किती जणांनी पाटीवर 'इंटरनॅशनल' लिहून घेतलंय, विचारू नका. डीओआयचंही तसंच. झेनोडो या संशोधनाच्या फाईली ठेवायच्या खुल्या साइटवर फाईल चढवली की कोणालाही फुकट डीओआय मिळतो. नंबर खरा आहे की नुसता छापलाय, ते डीओआय डॉट ओआरजीपुढे टाकून बघा. बऱ्याचदा पानच उघडत नाही.

आता तपासणी. खरी मेख इथे आहे.

ओपन ॲक्सेस ग्रंथांची जगभर मानली जाणारी एक सूची आहे, डीओएबी. नेदरलँड्समधल्या ओआपेन या संस्थेने ती २०१२ मध्ये सुरू केली. तिच्यात जायचं तर मुख्य अटी दोन: ग्रंथ खुल्या परवान्यावर हवा, आणि प्रकाशनाआधी बाहेरच्या, स्वतंत्र तज्ज्ञांनी तो तपासलेला हवा. ही तपासणी कशी होते ते प्रकाशकाने साइटवर लिहावं लागतं. 'आमच्या पुस्तकांचा पीअर रिव्ह्यू होतो' या एका ओळीवर तिथे भागत नाही. नुसता प्रस्ताव तपासला की पूर्ण हस्तलिखित? संपादक मंडळानेच बघितलं की बाहेर पाठवलं? परीक्षकाला लेखकाचं नाव माहीत होतं का? डीओएबीच्या प्रिझम या सोयीत तर हे सगळं त्या त्या पुस्तकाच्या नोंदीपाशी दाखवता येतं. प्रकाशकाचं नाव सूचीत स्वतः शोधा. साइटच्या तळाला डकवलेल्या लोगोंवर जाऊ नका. कोप (प्रकाशनातल्या नीतिनियमांसाठीची) आणि ओएएसपीए (ओपन ॲक्सेस प्रकाशकांची) या संस्थांच्या सदस्य याद्याही उघड्या आहेत, तिथेही नाव टाकून बघा.

सूचीत नाही म्हणजे प्रकाशक वाईट, असं मात्र धरून चालू नका. मराठीतल्या कित्येक चांगल्या छोट्या प्रकाशकांनी कधी अर्जच केलेला नाही. अशांना सरळ विचारायचं: माझं हस्तलिखित कोणाकडे जाईल, किती दिवस लागतील, परीक्षकांचे अभिप्राय मला मिळतील का, आणि मागच्या वर्षी तुम्ही काही परत पाठवलं का? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा गडबडला तर समजून जा. ज्याने आजवर एकही हस्तलिखित परत केलेलं नाही, त्याच्याकडे तपासणी नसते, पावती पुस्तक असतं. पंधरा दिवसांचा वायदा तर विसराच. तीनशे पानं एखाद्या जाणकाराने मन लावून वाचायची, तुम्ही दुरुस्त्या करायच्या, पुन्हा दाखवायचं, यात महिने जातात.

तुमच्या विषयात आणखी एक गोम आहे. अहिराणीवर अधिकाराने बोलणारी माणसं धुळे, जळगाव, नंदुरबार, नाशिक मिळून एकमेकांना चेहऱ्याने ओळखतात. नाव झाकून पाठवलं तरी दुसऱ्या पानावर कळतं की हे कोणाचं. म्हणून चांगला संपादक एक परीक्षक अहिराणीतला घेतो आणि दुसरा बाहेरचा, गुजराती-राजस्थानी लोकगीतांवर किंवा भिली बोलींवर काम केलेला. तुमचा गाईड परीक्षक म्हणून चालणार नाही. प्रकाशकच 'तुम्हीच दोन नावं सुचवा' म्हणाला आणि त्यांनाच पाठवून मोकळा झाला, तर तेही चालणार नाही.

परवान्याकडे लोक बघतच नाहीत, आणि तुमच्या पुस्तकात मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. ओपन ॲक्सेस म्हणजे पीडीएफ फुकट, एवढंच लोकांना वाटतं. खरं तर वाचकाने त्या मजकुराचं पुढे काय करायचं हे क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना ठरवतो. सीसी बाय दिला तर नाव देऊन कोणीही छापू शकतो, भाषांतर करू शकतो, विकूही शकतो. एनसी लावलं तर धंद्यासाठी वापर नाही. एनडी लावलं तर बदल करून वाटता येत नाही, म्हणजे भाषांतरही अडलं. आणि एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही.

आता तुमच्या पुस्तकातली गाणी कोणाची? श्रावणात रोटांच्या (कानबाईच्या उत्सवाच्या) वेळी ज्या बायांनी रात्रभर म्हटली, त्यांची. त्यांनी तुम्हाला 'लिहून घे माय' म्हटलं ते तुमच्या अभ्यासासाठी. उद्या एखाद्या म्युझिक कंपनीने तुमच्या पुस्तकातून गाणं उचललं आणि सीसी बाय असल्यामुळे तुमचं नाव टाकलं, तर त्या बायांचं नाव कुठे? म्हणून तुमचं विवेचन एका परवान्यावर, गाण्यांच्या संहिता आणि फोटो वेगळ्या परवान्यावर किंवा हक्क राखून, असं करता येतं. चांगल्या प्रकाशकाच्या करारात त्रयस्थ मजकुरासाठी अशी तरतूद असतेच. पुन्हा गावात जाऊन संमती घ्या, गाणारीचं नाव छापायचं की नाही हेही तिलाच विचारा. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातल्या कागदांचे किंवा कोणाच्या घरच्या जुन्या बाडांचे फोटो वापरणार असाल तर लेखी परवानगी हातात ठेवा. मेलवाल्याच्या करारात 'सर्व हक्क प्रकाशकाधीन' आणि मुखपृष्ठावर 'ओपन ॲक्सेस' असं दोन्ही असेल, तर त्याला ओपन ॲक्सेस म्हणजे काय तेच माहीत नाही.

जपणुकीचं विचारायला विसरू नका. वेबसाइटचं भाडं थकलं की पुस्तक गेलं. प्रत ओआपेनच्या ग्रंथालयात, किंवा पोर्टिको, क्लॉक्स अशा डिजिटल जपणुकीच्या संग्रहांत ठेवतात का? छापील प्रत काढणार असतील तर १९५४च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवतात का? हा प्रश्न विचारला की भलेभले गप्प होतात.

एक आपल्याकडचंच दुखणं. डीटीपीवाला जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये पानं लावतो. पीडीएफ दिसायला देखणी, पण त्यात 'कानबाई' शोधायला गेलं तर एकही निकाल येत नाही, गूगललाही काही सापडत नाही. अहिराणीच्या अनुनासिकांचं आणि अर्ध्या अक्षरांचं तर भरीतच होतं. युनिकोड आणि जमलं तर ईपब (ई-पुस्तकाची फाईल), हे करारात लिहून घ्या. हे परदेशातल्या कुठल्या निकषांत सापडणार नाही, पण मराठी पुस्तकाला आधी हेच लागतं.

पैसे घेणं हा गुन्हा नाही. बड्या परदेशी प्रकाशकांकडे ओपन ॲक्सेस ग्रंथाची फी दहा हजार पौंडांच्या घरात जाते, आणि ती त्यांच्या साइटवर लिहिलेली असते. मुद्दा इतकाच की स्वीकारायचं की नाही हे आधी ठरावं, पैशाचं नंतर निघावं. तुमच्या मेलवाल्याने आधी अठरा हजार मागितले आणि हस्तलिखित अजून उघडलेलंही नाही. लेखकाकडून फी न घेणारेही आहेत. भाषाविज्ञानासाठी बर्लिनचं लँग्वेज सायन्स प्रेस आहे, मानव्यविद्यांसाठी केंब्रिजचं ओपन बुक पब्लिशर्स. दोघांकडे तपासणी कडक आहे आणि नकाराची तयारी ठेवावी लागेल. तुमचं व्याकरणाचं प्रकरण इंग्रजीत वाढवलं तर पहिल्यांना विचारून बघण्यासारखं आहे.

आणि प्रबंध जसाच्या तसा कोणालाच देऊ नका. तो शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, आजही कोणीही फुकट वाचू शकतो. त्यालाच नवं मुखपृष्ठ लावायला अठरा हजार कशाला? संशोधनपद्धतीचं प्रकरण आणि त्या लांबलचक साहित्य-आढाव्याला कात्री लावा, गाणी पुढे आणा. कॅससाठी घाई असेल तर एखादं प्रकरण चांगल्या संपादित ग्रंथात द्या, त्याचे २०१८च्या तक्त्यात ५ गुण आहेत. पुस्तकाला वर्ष-दीड वर्ष लागू द्या. मेलवाल्याला वरचे प्रश्न लेखी पाठवा आणि त्याचं उत्तर इथे टाका, मग बघू.