सृष्टी दोन, तीन की पाच?

प्रश्न : आमच्या वेळी सजीव म्हणजे एकतर वनस्पती, नाहीतर प्राणी. नातीच्या आठवीच्या पुस्तकात पाच सृष्टी आहेत, तर कॉलेजात जाणारा पुतण्या म्हणतो, तीनच गट. शिवाय अळंबी वनस्पती नाही म्हणे! खरं काय धरायचं?
– एक आजी, नौपाडा, ठाणे

उत्तर : आजी, आधी अळंबीचं सांगते, कारण विद्यार्थी सगळ्यात जास्त तिथेच अडतात. जांभळी नाक्यावर ती भाज्यांच्या शेजारी मिळते, पण तिच्यात हरितद्रव्य नाही, म्हणजे स्वतःचं अन्न ती करू शकत नाही. तिच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, कोळंबीच्या कवचात असतं तेच. साठवणही स्टार्चची नाही, ग्लायकोजेनची, आपल्या यकृतात असते तशी. पुढे जनुकं ताडून पाहिली, तर अळंबी पालकापेक्षा आपल्याच जवळची निघाली. त्याआधीच, १९६९ मध्ये व्हिटेकर या शास्त्रज्ञाने पाच सृष्टी मांडल्या, तेव्हा अन्न मिळवण्याच्या वेगळ्या पद्धतीमुळे अळंबीसारख्या कवकांना स्वतंत्र जागा दिली. तुम्ही शिकलात ती दोन गटांची विभागणी लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाची, १७३५ सालची.

आता पुतण्याचे तीन. ऐरोलीला ओहोटीच्या वेळी खाडीकाठी उभं राहा. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) वरच्या चिखलातून सूक्ष्म शैवाल गाळून खातात, त्यांचा गुलाबी रंग त्या खाण्यातूनच येतो. खालच्या काळ्या थरात प्राणवायू पोचत नाही. तिथून येणारा कुजक्या अंड्यांचा वास सल्फेटवर जगणाऱ्या जीवाणूंमुळे. अशाच चिखलात आणखी खोल मिथेन वायू तयार करणारे सूक्ष्मजीव राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे दोघं सारखेच दिसतात, म्हणून व्हिटेकरने दोघांना मोनेरा या एकाच सृष्टीत घातलं. कार्ल वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये त्यांच्या रायबोसोममधला (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या कणांमधला) आरएनए हा जनुकीय रेणू ताडून पाहिला, तेव्हा मिथेनवाले पार वेगळे निघाले. त्यांना आज आर्किया म्हणतात. मग १९९० मध्ये वोज आणि सहकाऱ्यांनी तीन अधिक्षेत्रं, म्हणजे सृष्टींहूनही मोठे गट, मांडली : जीवाणू, आर्किया आणि युकॅरिया (ज्यांच्या पेशीत केंद्रक असतं ते). रोहित, तिवर, अळंबी, तुम्ही-आम्ही, सगळे तिसऱ्यात! इतकी विविधता आपण डोळ्यांनी पाहतो आणि ती मावते मात्र एकाच गटात, हे मला आजही विलक्षण वाटतं.

नातीला परीक्षेत पाचच लिहू दे, प्रश्न त्याच पुस्तकावर येतो. फक्त मोनेरासमोर पेन्सिलीने ‘यात दोन वेगळी घराणी’ एवढं लिहून ठेवायला सांगा. अकरावीत उपयोगी पडेल.