सीएसईच्या पदवीतले विषय नोकरीत खरंच लागतात का? कोणत्या विषयाला किती वेळ द्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात. सिनियर सांगतात की आर्किटेक्चर, ऑपरेटिंग सिस्टीम, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन (मशीनला मुळात काय सोडवता येतं याचं गणित) वगैरे पास होण्यापुरतं करायचं, नोकरीत कोडिंगच लागतं, आणि तेही आता एआय लिहून देतं. मग वेळ कुठे घालवायचा?

सिनियर अर्धं खरं बोलताहेत. मी सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअर लिहितो आणि बहुतेक दिवशी मला पेज टेबल (प्रोग्रामचा कोणता पत्ता खऱ्या मेमरीत कुठे आहे याचा तक्ता) आठवावं लागत नाही. पंपिंग लेमा हे थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनमधलं प्रमेय तर त्याहून नाही. पण राहिलेल्या दिवशी, म्हणजे काहीतरी बंद पडलेलं असतं आणि का ते कुणालाच कळत नसतं तेव्हा, जी माणसं कामाला येतात त्यांनी हे विषय नीट केलेले असतात, असा माझा अनुभव आहे.

वेळापत्रकात वेगवेगळ्या तासांना येतात म्हणून हे विषय सुटे सुटे वाटतात. माझ्या मते त्या सगळ्यांत एकच गोष्ट शिकवलेली असते: खालचा थर वरच्या थराला सोयीचं खोटं कसं सांगतो. प्रोसेसर म्हणतो, माझे आकडे गणितातल्यासारखेच आहेत. ऑपरेटिंग सिस्टीम प्रत्येक प्रोग्रामला म्हणते, सगळी मेमरी तुझीच. डेटाबेस म्हणतो, इथे तुझ्याशिवाय कुणी नाही. नेटवर्क म्हणतं, पाठवलेलं सगळं क्रमाने पोचेल. ही खोटी इतकी चांगली रचलेली आहेत की वर्षानुवर्षं त्यांच्या भरवशावर काम चालतं. अभ्यास करायचा तो ती कशी रचली आहेत आणि कुठे उघडी पडतात याचा. एकदा हा धागा हाती आला की कोणत्या धड्यावर थांबायचं आणि कोणता उलटून पुढे जायचं हे बरंचसं आपोआप ठरतं.

आकड्यांपासूनच बघा. कुठल्याही भाषेत ०.१ आणि ०.२ यांची साध्या फ्लोटिंग पॉइंटमध्ये बेरीज केली तर बरोबर ०.३ येत नाही, कारण एक दशांश हा अपूर्णांक बायनरीत कधीच संपत नाही. तो कुठेतरी तोडावा लागतो. परीक्षेत हा दोन मार्कांचा प्रश्न असतो. १९९१ च्या आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धाहरान इथे पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेला हाच तुटलेला तुकडा नडला. तिचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायचं आणि त्याचे सेकंद करताना एक दशांश २४ बिटांत कापलेला होता. सुमारे १०० तास यंत्रणा सलग चालू राहिल्यावर चूक साचून ०.३४ सेकंदांवर गेली. तेवढ्यात येणारं स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे सरकतं. ते अडवलं गेलं नाही आणि २८ सैनिक मेले.

पूर्णांकही साधे नाहीत. बायनरी सर्च (क्रमाने लावलेल्या यादीत दर वेळी मधला घटक बघत शोधणं) पहिल्या वर्षीच शिकवतात: खालचा आणि वरचा इंडेक्स मिळवा, दोनने भागा. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत नेमकं हेच लिहिलेलं होतं आणि ते चुकीचं होतं. अ‍ॅरे फारच मोठा झाला, एक अब्जाच्या वर, की ती बेरीज ३२ बिटांत मावत नाही आणि उत्तर ऋण येतं. २००६ साली ही चूक जाहीर झाली, तोवर ती तिथे जवळजवळ नऊ वर्षं होती. अल्गोरिदम बरोबर होता, त्याची सिद्धताही बरोबर होती. फक्त सिद्धतेतले पूर्णांक अमर्याद होते आणि मशीनमधले नव्हते.

सगळ्यांत जास्त वेळ कुठे द्यायचा असं एकाच शब्दात विचाराल तर मी ऑपरेटिंग सिस्टीम म्हणेन. शेड्युलिंगची गणितं सोडवून, सरासरी वेटिंग टाइम काढून हा विषय झाला असं वाटतं, पण ते त्यातलं सगळ्यांत निरस आणि सगळ्यांत कमी उपयोगाचं प्रकरण आहे. खरी मजा व्हर्च्युअल मेमरीत आहे. दोन प्रोग्राम एकाच पत्त्यावर वेगवेगळी माहिती ठेवतात आणि दोघांनाही आपापलीच दिसते, हे कसं? फोर्क केल्यावर, म्हणजे चालू प्रोग्रामची दुसरी प्रत सुरू केल्यावर, कित्येक गिगाबाइटची प्रोसेस क्षणात दुप्पट होते, तरी मेमरी दुप्पट का होत नाही? (पानं दोघांत सामायिक राहतात, कुणी त्यावर लिहायला गेलं की तेवढ्याच पानाची प्रत होते.) हे समजलं की सर्व्हरवर मेमरी वापराचे आकडे एकमेकांशी जुळत नसताना तुम्ही गोंधळत नाही.

त्याला लागूनच कॉन्करन्सी, म्हणजे एकाच वेळी अनेक कामं चालणं, येते. काउंटर एकने वाढवणं ही आपल्याला एक ओळ दिसते, मशीनला त्या तीन पायऱ्या असतात: वाचा, वाढवा, परत लिहा. दोन थ्रेड (एकाच प्रोग्राममधली एकाच वेळी चालणारी कामं) मधल्याच पायरीवर एकमेकांना गाठतात आणि एक वाढ हरवते. प्रॅक्टिकलला हा प्रोग्राम फक्त लिहू नका. लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) काढून तो चालवा आणि दर वेळी वेगळा आकडा येताना बघा. लॉक लावला म्हणजे सुटलो असंही नाही. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान अधूनमधून आपणहून रीसेट व्हायला लागलं. हवामानाची नोंद ठेवणाऱ्या कमी प्राधान्याच्या कामाने एक लॉक धरलेला असायचा, सर्वांत महत्त्वाचं काम त्याची वाट बघत बसायचं, आणि मधल्या प्राधान्याचं तिसरंच काम प्रोसेसर अडवून बसल्यामुळे लॉक काही सुटायचा नाही. पाठ्यपुस्तकात याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात आणि त्यावरचा प्रायॉरिटी इनहेरिटन्स (लॉक धरणाऱ्याला तेवढ्यापुरतं वाट बघणाऱ्याचं प्राधान्य देणं) हा उपायही तिथेच दिलेला असतो. यानाच्या सिस्टीममध्ये तो होता, पण त्या लॉकसाठी बंद ठेवलेला. पृथ्वीवरून चालू केला आणि रीसेट थांबले.

डेटा स्ट्रक्चर्सबद्दल वेगळं सांगायला नको, मुलाखतींच्या भीतीने सगळे ते करतातच. एवढंच करा: बिग-ओ (डेटा वाढला की काम किती वाढतं याचं माप) शिकून झाल्यावर मोठी द्विमितीय अ‍ॅरे घ्या, सी भाषेत एकदा ओळीओळीने आणि एकदा स्तंभास्तंभाने तिची बेरीज करा. दोन्हीचं बिग-ओ एकच, वेळ मात्र कित्येक पट वेगळा. कॅश मेमरीचा (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीचा) जो धडा आर्किटेक्चरमध्ये कंटाळवाणा वाटतो तो इथे डोळ्यांनी दिसतो. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स मात्र, हार्डवेअरकडे वळायचं नसेल तर, समजून घेऊन पुढे जा. क्लॉड शॅनन यांनी १९३७ मध्ये पदव्युत्तर प्रबंधात दाखवलं की बूलचं तर्कगणित स्विचच्या सर्किटांना जसंच्या तसं लागू पडतं; ही एक कल्पना पक्की झाली की के-मॅपचे (सर्किट सोपं करायच्या तक्त्यांचे) ढीगभर सराव न केल्याने फारसं बिघडत नाही.

डेटाबेसमध्ये बहुतेकांची शक्ती नॉर्मलायझेशनवर, म्हणजे माहिती दुबार न ठेवता टेबलांत वाटण्यावर, खर्च होते. तिसरा नॉर्मल फॉर्म यायलाच हवा, पण ट्रान्झॅक्शनवर (अनेक पायऱ्या एक म्हणून, सगळ्या किंवा एकही नाही, अशा करण्यावर) त्याच्या दुप्पट वेळ द्या. खात्यात हजार आहेत. दोन विनंत्या एकाच वेळी येतात, दोन्ही शिल्लक वाचतात, दोन्हींना हजार दिसतात, दोन्ही आठशे काढतात. ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळलं की हे टळतं असं पुष्कळ जणांना वाटतं, नोकरी करणाऱ्यांनाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये मुळात मिळणारी आयसोलेशन लेव्हल (एकाच वेळच्या ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून किती अलग ठेवायच्या ती पातळी) रीड कमिटेड असते आणि त्या पातळीवर, शिल्लक आधी वाचून मग प्रोग्रामने काढलेला आकडा लिहिलात तर, वरचा घोटाळा खुशाल होतो. आयसोलेशनच्या चार पातळ्या तोंडपाठ म्हणण्यापेक्षा दोन टर्मिनल उघडा आणि हा घोटाळा स्वतः घडवून आणा.

नेटवर्क्समध्ये ओएसआय या नमुन्यातले नेटवर्कचे सात थर पाठ करण्यात जो वेळ जातो त्याची मला कीव येते. टीसीपी (डेटा क्रमाने आणि न हरवता पोचवायचे नियम) नीट वाचा. ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्कलीतल्या दोन जागांमधला, जेमतेम चारशे यार्डांवरचा डेटा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. तारा शाबूत होत्या. गर्दीमुळे पॅकेट हरवत होती, हरवली म्हणून सगळी मशीन ती पुन्हा पाठवत होती, आणि त्यानेच गर्दी वाढत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये उपाय मांडला: पॅकेट हरवलं की जोर कमी करा, मग हळूहळू वाढवा. आजही एखादी सेवा धापा टाकायला लागली की तिचे ग्राहक-प्रोग्राम रिट्राय करकरून तिला पुरती झोपवतात. तोच आजार, फक्त थर वरचा.

आता थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, जो विषय सगळ्यांत जास्त शिव्या खातो. २ जुलै २०१९ रोजी असंख्य साइटच्या पुढे राहून त्यांची वाहतूक सांभाळणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीच्या फायरवॉलमध्ये एका नियमात एक रेग्युलर एक्सप्रेशन (मजकुरात नमुना शोधायचं सूत्र, थोडक्यात रेजेक्स) नवं घातलं गेलं आणि जगभरातल्या त्यांच्या सर्व्हरचे प्रोसेसर शंभर टक्क्यांवर गेले. त्यांच्यावर अवलंबून असलेल्या असंख्य साइट सुमारे २७ मिनिटं उघडत नव्हत्या. कारण बॅकट्रॅकिंग. बऱ्याच भाषांमधलं रेजेक्स इंजिन एक वाट धरतं, चुकलं की मागे येऊन दुसरी धरतं, आणि काही पॅटर्नवर या वाटा बेसुमार वाढतात. खरं तर रेग्युलर एक्सप्रेशनला एवढा वेळ लागण्याचं कारणच नाही: त्याचं एनएफए (एकाच वेळी अनेक अवस्थांत असू शकणारं काल्पनिक यंत्र) करा आणि सगळ्या अवस्था एकाच वेळी पुढे सरकवा, इनपुटच्या लांबीच्या प्रमाणात काम संपतं. केन थॉम्प्सन यांनी हे १९६८ मध्येच छापलं होतं आणि गो भाषेचं रेजेक्स इंजिन याच मार्गाने जातं. तुमच्या वहीत 'एनएफए ते डीएफए' म्हणून जे काढलेलं असतं ते हेच.

त्याच विषयातला हॉल्टिंग प्रॉब्लेम, म्हणजे अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये दाखवलेली मर्यादा: कुठलाही प्रोग्राम कधी थांबेल की नाही हे सांगणारा प्रोग्राम लिहिता येत नाही. कोड तपासणारी टूल्स कधी उगीच ओरडतात, कधी खरी चूक सोडून देतात. कुठल्याही प्रोग्रामचा पक्का निवाडा देणारं टूल बनूच शकत नाही हे माहीत असलं की अशा टूलकडून काय मागायचं ते कळतं. एनपी-कम्प्लीटनेसचंही (ज्यांना झटपट अचूक उत्तराची रीत कुणालाच माहीत नाही अशा प्रश्नांचंही) तसंच. रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये दिलेल्या २१ प्रश्नांची यादी एकदा डोळ्यांखालून घाला. मॅनेजर जेव्हा 'सगळ्यांच्या अटी सांभाळून सर्वोत्तम वेळापत्रक' मागेल तेव्हा तो ओळखीचा चेहरा दिसेल, आणि अचूक उत्तरामागे महिना घालवण्याऐवजी बऱ्यापैकी उत्तराची तयारी कराल.

गणितात डिस्क्रीट आणि प्रोबॅबिलिटी टाळू नका. मशीन लर्निंगकडे जायचं असेल तर लिनिअर अल्जिब्रा आधी, लायब्ररी नंतर. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचा पेपर वाचून पास व्हा. तो विषय दुसऱ्याचा कोड दुरुस्त करायला बसल्याशिवाय कळत नाही आणि परीक्षेला त्याचं सोयरसुतक नसतं.

एआयबद्दल: हो, ते कोड लिहून देतं. मीही रोज वापरतो. ते शिल्लक वाचून-वजा करून-लिहिणारा वरचा कोड अतिशय नेटका लिहून देऊ शकतं, आणि तो एकट्याने चालवला तर सगळ्या टेस्ट पास होतात. त्यात काय राहिलंय हे विचारायला आधी तो घोटाळा माहीत असावा लागतो.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आत्ताच एक सुचवून ठेवतो, कारण तेव्हा सगळे एखादी वेबसाइट करून मोकळे होतात. छोटा डेटाबेस लिहा: की द्या, व्हॅल्यू मिळवा, एवढाच. इंडेक्सला बी-ट्री (डिस्कवर झटपट शोधता यावं म्हणून झाडासारखी रचना), आधी नोंद लॉगमध्ये आणि मग मूळ फाइलमध्ये, दोन क्लायंट एकाच वेळी. मग लिहिणं चालू असताना प्रोसेस किल करा, पुन्हा सुरू करा आणि काय वाचलं ते बघा. ते जमलं की मशीनची वीजच तोडून बघा (व्हर्च्युअल मशीनवर, लॅबच्या नको). फाइलमध्ये लिहिलं असं ऑपरेटिंग सिस्टीमने सांगितलेलं असतं, पण एफसिंक (डेटा खरोखर डिस्कवर उतरवायला सांगणारी आज्ञा) केलं नसेल तर तो डेटा डिस्कवर गेलेला असेलच असं नाही.