डिस्मे, अलार्म, ड्रेड: कुठला शब्द कुठे?

इंग्रजीत भीती किंवा धक्का सांगताना सगळीकडे स्केअर्ड नाहीतर शॉक्ड लावून मोकळं होऊ नकोस, आधी बघ की गोष्ट घडून गेलीये का अजून यायचीये, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. ड्रेड म्हणजे पुढे येणाऱ्या गोष्टीची आतून पोखरणारी धास्ती, उद्या रिझल्ट आहे तर आज ड्रेड, आणि मार्क बघून हातपायच गळाले की ते डिस्मे. डिस्मेमध्ये भीतीपेक्षा हिरमोड जास्त असतो बरं का, म्हणून अंगावर कुत्रं धावून आलं तर तिथे डिस्मे शोभत नाही, तिथे अलार्म. त्यात धोका दिसतोय, लगेच काहीतरी करायला हवं असा भाव असतो, मुळात ती इटालियनमधली 'शस्त्रं उचला' अशी हाकच होती. आणि डोकंच चालेनासं झालं की मग पॅनिक (हा शब्द पॅन या ग्रीक देवावरून आलाय, भूतकाळ करताना स्पेलिंगमध्ये एक के घुसतो तो बरेच जण विसरतात).

कॉन्स्टर्नेशन (म्हणजे गोंधळून टाकणारी चिंता) वाचताना कळलं तरी पुरे, गप्पांमध्ये फारच जड वाटतं. अगास्ट (म्हणजे धक्क्याने हादरलेला) मात्र माझा लाडका, फक्त तो नामाच्या आधी लावत नाहीत, 'शी वॉज अगास्ट' असंच म्हणायचं, पुढे ॲट.

आणि हो, हॉरिफिक म्हणजे भयानक पण टेरिफिक म्हणजे आता झकास, तिथे फसू नकोस. तसंच घाबरलेला माणूस अलार्म्ड, घाबरवणारी बातमी अलार्मिंग, हे उलटं केलंस तर समोरचा हसेल.