जन्मदर घटतोय आणि म्हातारी माणसं वाढतायत, मग समाजाने करायचं काय?

नुसते पैसे वाटून मुलं जन्माला येत नाहीत हे दक्षिण कोरियाकडे बघून कळतं, तिथे सरकारने वर्षानुवर्षं पैसा ओतला तरी २०२३ला जन्मदर, म्हणजे एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुलं होतात तो आकडा, ०.७२ वर आला, कारण घरं महाग, क्लासेसचा खर्च अफाट आणि ऑफिसचे तास संपतच नाहीत. त्यामुळे माझ्या मते मुलं वाढवायच्या मागे लागण्यापेक्षा म्हातारपणाची सोय आधी लावा.

जपानने ते केलं. २०००पासून तिथे केअर इन्शुरन्स, म्हणजे म्हातारपणी लागणाऱ्या देखभालीचा विमा आहे, चाळिशी ओलांडली की प्रत्येकाने हप्ता भरायचा, आणि पुढे गरज लागली की स्थानिक पालिका तपासणी करून ठरवते किती मदत द्यायची, म्हणजे घरी येऊन आंघोळ घालणारी बाई, डे केअर वगैरे, बहुतेकांना खर्चाचा फक्त १० टक्के भाग भरावा लागतो. रोख पैसे देत नाहीत, सेवाच देतात, आणि हे फार महत्त्वाचंय कारण नाहीतर सगळं ओझं परत घरातल्या सुनेवरच येतं.

आणि हा प्रश्न आपलाही आहे बरं का, महाराष्ट्राचा जन्मदर एनएफएचएस-५ मध्ये, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, १.७ होता, लोकसंख्या टिकायला साधारण २.१ लागतो. आपल्याकडे अशी योजना आत्ताच, तरुण हात भरपूर आहेत तोवरच सुरू करायला हवी.