जागा भरली म्हणून जुने बिल्ड (कोडपासून तयार केलेली, चालवता येणारी व्हर्जन) उडवावेत का, आणि रोलबॅकसाठी (जुन्या व्हर्जनवर परत जाण्यासाठी) किती व्हर्जन ठेवावीत?

उडवा, पण तारखेवरून नको. तुम्ही लिहिलंय की रजिस्ट्री (इमेज, म्हणजे कोड आणि तो चालवायला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं पॅकेज, साठवण्याची जागा) भरत आलीये आणि मॅनेजर म्हणतायत ३० दिवसांपेक्षा जुनं सगळं काढा. हा नियम मला अजिबात पटत नाही, कारण एखाद्या सर्व्हिसला सहा महिने कोणी हातच लावला नाही तर तिची आज प्रोडक्शनला चालू असलेली इमेजच ३० दिवसांपेक्षा जुनी असते, ती उडाली तरी त्या दिवशी काहीच कळत नाही, पॉड (इमेजवरून चालणारी सर्व्हिसची प्रत) आपला चालू राहतो, मग कधीतरी रात्री नोड (पॉड ज्या मशीनवर चालतो ते) मरतो, पॉड दुसऱ्या नोडवर जातो आणि तिथे इमेज पुलच (रजिस्ट्रीतून डाउनलोडच) होत नाही.

कुबरनेटीस (हे पॉड चालवणारं आणि सांभाळणारं सॉफ्टवेअर) डिफॉल्टने जुन्या १० रिव्हिजन ठेवतं म्हणून लोक निर्धास्त असतात. पण ते फक्त पॉडची व्याख्या ठेवतं, इमेज नाही. आणि रोलआउट अनडू (मागच्या रिव्हिजनवर नेणारी कमांड) मारलं तरी कॉन्फिगमॅप (सेटिंग जिथे वेगळी ठेवतात ते) मागे जात नाही, ते वेगळं बघावं लागतं.

मी असं करतो: प्रत्येक सर्व्हिसची प्रोडक्शनला गेलेली शेवटची ५ व्हर्जन वेगळा टॅग (इमेजला दिलेलं नाव) लावून राखून ठेवायची, क्लीनअप त्यांना शिवणार नाही. टॅगमध्ये गिट कमिटचा हॅश (कोडच्या त्या बदलाचा ओळख क्रमांक), नुसतं लेटेस्ट नको. ब्रँचचे आणि पुल रिक्वेस्टचे (अजून मुख्य कोडमध्ये न गेलेल्या कामाचे) बिल्ड आठवड्यात उडवायचे, खरी जागा बहुतेक वेळा तेच खातात. मॅनेजरना हेही सांगा की इमेजचे खालचे लेयर सारखे असतील तर ते एकदाच साठवले जातात, पाच व्हर्जन म्हणजे पाचपट जागा नाही. "गिटमध्ये कोड आहे, लागला तर परत बिल्ड करू" यावर विसंबू नका, बेस इमेज (जिच्यावर तुमची इमेज उभी असते ती) आणि डिपेंडन्सी (बाहेरच्या लायब्ररी) ठरावीक व्हर्जनला लॉक नसतील तर आज केलेलं बिल्ड तेच निघेल याची खात्री नाही, शिवाय प्रोडक्शन बंद असताना बिल्डची वाट कोण बघणार.

आता महत्त्वाचं. जुनी इमेज असणं वेगळं आणि ती आजच्या डेटाबेसवर चालणं वेगळं. नवीन रिलीजमध्ये कॉलम काढलात तर जुनं व्हर्जन पहिल्याच क्वेरीला पडेल. म्हणून आधी नवीन कॉलम वाढवा, कोड हलवा, आणि जुना कॉलम एक-दोन रिलीज गेल्यावरच काढा. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर ट्रेडिंग कंपनीचं काय झालं ते जरूर वाचा. आठपैकी एका सर्व्हरवर नवीन कोड गेलाच नव्हता, आणि जुन्या बंद फीचरचा फ्लॅग (चालू-बंद करणारं सेटिंग) नव्या कामासाठी परत वापरलेला, त्यामुळे त्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं पडून असलेला कोड जागा झाला. गडबडीत त्यांनी बाकीच्या सात सर्व्हरवरचा नवीन कोड मागे घेतला, फ्लॅग मात्र चालूच राहिला, मग तो जुना कोड आठही सर्व्हरवर पळायला लागला. साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान. रोलबॅकने आग वाढली, कारण कोड मागे गेला आणि सेटिंग पुढचंच राहिलं.

मोबाइल ॲप असेल तर हे सगळं चालत नाही, प्ले स्टोअरवर व्हर्जन कोड वाढतच जावा लागतो, त्यामुळे जुनाच कोड मोठा नंबर देऊन परत चढवावा लागतो. तिथे स्टेज्ड रोलआउट (आधी थोड्याच लोकांना अपडेट देणं) वापरा आणि सर्व्हरने जुन्या ॲपची एपीआय (ॲप सर्व्हरशी ज्यातून बोलतं ती) बरेच महिने चालू ठेवावी, कारण सगळे लोक अपडेट करत नाहीत.

मॅनेजरना नाही म्हणू नका, आधी सगळ्या क्लस्टरवर (नोडच्या गटांवर) आत्ता चालू असलेल्या इमेजच्या डायजेस्टची (इमेजच्या नेमक्या ओळख क्रमांकाची) यादी काढा, क्लीनअपचा ड्राय रन (खरं काही न उडवता काय उडेल ते बघणं) घ्या आणि दोन्ही याद्या ताडून त्यांना दाखवा.